घोड्यांचा माणूस

सासरच्या थोरल्यांचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही. असीलकान लग्न होऊन डोंगरातल्या नारीन शहरात आली तेव्हापासून तिने ही चाल पाळली. सासऱ्यांना ‘थोरले’, मोठ्या दिराला ‘पहाडवाले’, नणदेला ‘गोरीताई’ अशा टोपणनावांवर तिने अख्खं घराणं निभावलं होतं. पण आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्यावर तिची पंचाईत झाली. त्यातलं सॉफ्टवेअर फोटोतल्या प्रत्येक चेहऱ्याभोवती चौकोन काढायचं आणि खाली विचारायचं, हे कोण?

“टाईप करणं म्हणजे उच्चारणं नव्हे, आई,” तिची मुलगी जाझगुल हसून म्हणाली.

“तुला काय ठाऊक? खुदा बोटांचंही ऐकतो.”

म्हणून नवऱ्याच्या आजोबांच्या चौकोनाखाली तिने ‘युद्धावर गेलेले’ एवढंच लिहिलं. त्यांचं नाव सातीबाल्दी. घोड्यांसकट युद्धावर गेले ते गेलेच. मागून ‘बेपत्ता’ असा कागद आला, माणूस आला नाही.

हे काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. हल्ली नारीनमध्ये लग्न म्हटलं की हॉलच्या दारात मोठा फलक लागतो. एका बाजूला मुलीचे सात बाप, म्हणजे बापाकडच्या सात पिढ्या, दुसऱ्या बाजूला मुलाचे सात बाप, ज्यांचे फोटो सापडतील त्यांचे फोटोंसकट. सात पिढ्यांत कुठे रक्त एक निघालं तर लग्न नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. फलक म्हणजे त्याची चारचौघांत दिलेली ग्वाही. जाझगुलचं लग्न कोचकोरच्या एर्निसशी ठरलं होतं. येत्या रविवारी एर्निसची आई दामिरा आत-बाशी गावी, घराण्यात आता सगळ्यांत थोरल्या असलेल्या उमसुनाय-आत्याच्या घरी येऊन जाझगुलच्या कानांत डूल घालणार होती. डूल घातले की मुलगी त्यांची झाली.

दामिराने तिकडचे थोडे फोटो फोनवरून पाठवले होते. दोन्हीकडचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकून असीलकानने ‘चेहरे जुळवा’वर क्लिक केलं आणि वाटीत चहा ओतून घेतला. वाटी ओठाला लागायच्या आत पडद्यावर दोन चौकोन शेजारी शेजारी येऊन बसले. डावीकडे ‘युद्धावर गेलेले’, लष्करी अंगरख्यातले, उमसुनाय-आत्याच्या भिंतीवरच्या तसबिरीवरून घेतलेले. उजवीकडे एर्निसचे पणजोबा कासिमाली, डोक्यावर पांढरी नमद्याची टोपी, मांडीवर नातू. खाली प्रश्न होता: हा एकच माणूस आहे का?

असीलकान हसली. मग तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग मात्र हसली नाही.

तेच रुंद कपाळ. तीच उजवी भुवई, अर्ध्यावर तुटलेली. आणि डावा डोळा असा बारीक केलेला, की समोरच्याने घोड्याची किंमत जास्त सांगितली असावी.

तिच्या मनात पाल चुकचुकली. हा बेपत्ता माणूस डोंगराच्या पलीकडे, दोलोन घाटापल्याड कोचकोरला, दुसरं नाव घेऊन, दुसरी बायको करून राहिला असेल तर? तर जाझगुलचा पणजोबा आणि एर्निसचा पणजोबा एकच. सात कसले, चार पिढ्यांतच रक्त एक.

संध्याकाळी तिचा नवरा सुयुनबेक घरी आला. गुरांचा डॉक्टर होता तो, अंगाला मेंढ्यांच्या औषधाचा वास घेऊनच यायचा. तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

“हे दोघं सारखे दिसतात का हो?”

“कोण दोघं? मला एकच दिसतोय, दोनदा.”

“तेच तर म्हणतेय!”

“अगं, हे मशीन आहे. माझ्याकडे एका तोंडाचे शंभर मेंढे रोज येतात. मी कधी त्यांचं गोत्र काढत बसलो का?” त्याने बूट काढले. “फार वाटत असेल तर थुंकी बाटलीत भरून तपासायला पाठव. पण विहीणबाईंची थुंकी तू माग. मी नाही मागणार.”

असीलकानला तो हसतोय याचाच संशय आला. एवढ्या चटकन हसायला यांना कसं सुचलं? यांना काही ठाऊक तर नाही? संशय हा असा पाहुणा आहे बघा, त्याला या म्हणावं लागत नाही, बसा म्हणावं लागत नाही. आणि एकदा बसला की घरातलीच माणसं त्याला परकी दिसू लागतात. तिने सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली. शेजारच्या जुळ्या पोरींचे फोटो टाकले, त्याने दोघी वेगळ्या काढल्या. आपला वेण्या घातलेला शाळेतला फोटो टाकला. त्याने विचारलं, ही असीलकान का? खोटारडं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी ती शेअर टॅक्सीने आत-बाशीला उमसुनाय-आत्याकडे गेली. आत्या म्हणजे सुयुनबेकच्या वडिलांची धाकटी बहीण, सातीबाल्दीची लेक. बाप युद्धावर निघाला तेव्हा ती आईच्या पोटात होती. बापाला तिने पाहिलं ते तसबिरीतच. दर गुरुवारी ती कढईत तेल तापवून कणकेचे छोटे बोर्सोक तळायची, कारण तळणाचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो. आणि मग तसबिरीसमोर बसून कुराणातलं एक पान गळ्यावर म्हणायची. वय झालं तरी आवाज असा लागायचा, की ऐकणाऱ्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ व्हावा.

असीलकान तळहात उघडे करून बसली. पण मन तळहातांत नव्हतं. ते भिंतीवरच्या त्या बारीक केलेल्या डोळ्यात अडकलं होतं. कोणाचं पुण्य कोणाच्या पदरात पडतंय, या विचाराने ती ‘आमीन’ म्हणायला चुकली.

“कुठे आहे गं लक्ष?” आत्या म्हणाली. “बापाला सलाम कर आणि चहा घे.”

“आत्या, ही तसबीर घरात कधी आली?”

“मी शाळेत जात होते तेव्हा. राजधानीहून, फ्रुंझेहून, एक फोटोवाला यायचा, गाढवावर पेटी टाकून. लहान फोटो न्यायचा, मोठे करून आणायचा. वर रंगाने कपडे काढून द्यायचा, म्हणशील तसे. आईने मेंढी दिली त्याला.” आत्या हसायला लागली. “तो नाव विचारतोय, आणि आई सांगेना! नवऱ्याचं नाव कसं घेणार? ‘घोड्यांचा माणूस’ म्हणाली. तो म्हणतो, ‘अगं बाई, या डोंगरात घोड्यांचा नाही असा माणूस दाखव!’ अंगणातल्या बायका हसून लोळल्या.”

“मग लहान फोटो?”

“तो परत दिलाच नाही मेल्याने. पुन्हा आला पण नाही.”

“आजींना आवडली होती तसबीर?”

आत्याने कढईतलं शेवटचं बोर्सोक काढलं. “आई त्याच्याकडे तोंड करून कधी बसली नाही. इथे चुलीपाशी, पाठ करून बसायची. आम्हीच धावलो, बाबा आले, बाबा आले करत. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, करा सलाम तुमच्या बाबांना. रडली नाही की काही नाही. कठीण बाई होती.”

परतीच्या टॅक्सीत असीलकानने मनातल्या मनात निकाल लावून टाकला. वेगळं सांगावं लागतं का? जो नवरा युद्धात मेला त्याच्याकडे बायको पाठ करून बसत नाही. जो घाटापल्याड दुसरीकडे नांदतोय, त्याच्याकडे बसते.

घरी येऊन तिने दामिराला फोन लावला. आवाजात साखर घालून म्हणाली, “विहीणबाई, सहज विचारते. फलकासाठी. तुमचे थोरले आजेसासरे युद्धावर होते का हो?”

“होते की.”

“परत आले ते कुठून?”

“युद्धावरून, विहीणबाई. जत्रेहून नाही.”

“तसं नाही. मूळचे कोचकोरचेच ना? म्हणजे बाहेरून वगैरे...”

दामिरा विधवा बाई, एकटीने तीन मुलं वाढवलेली. तिच्या शब्दाला धार होती.

“तुम्ही मुलगी देताय की आमची झडती घेताय?”

“अहो, माझ्या बोलण्याचा...”

“कळलं मला. आमच्या पोराचे सात बाप तुम्हाला कमी पडतायत. उद्याच्या टॅक्सीने घरातले होते नव्हते तेवढे फोटो पाठवते. सगळ्यांचे दात मोजून घ्या. आणि रविवारी डूल आणू की नको, तेही कळवा!”

फोन बंद झाला. दारात जाझगुल उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“आई, काय चाललंय तुझं?”

असीलकानने तिला दोन चौकोन दाखवले. जाझगुल खुर्चीवर बसली. बोलली ती फार हळू.

“खाली ‘नाही’ असं बटण आहे. दाब ना. कोणाला कळणार आहे? ते दोघंही कधीच मातीला मिळालेत.”

“मशीनला नाही म्हणता येईल गं. वर गेल्यावर काय सांगू?”

“वर गेल्यावर! आणि मी इथे काय करू? एर्निसला आजपासून दादा म्हणू?”

असीलकानने लॅपटॉप जवळ ओढला. बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर मुलीचं लग्न झालं असतं, आणि आयुष्यभर प्रत्येक नातवंडाचा चेहरा ती चोरून तपासत बसली असती. तिने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्याने एक जाडजूड कापडी पिशवी आणून दिली. वर दामिराने सुईदोऱ्याने टाके घातले होते, जणू आत फोटो नसून गहू होते. असीलकानला लाज वाटली. पण पिशवी उसवायला तिने वेळ लावला नाही.

जाझगुल एकेक फोटो स्कॅनरच्या काचेवर ठेवत होती, तोंडातून शब्द न काढता. तिसऱ्याच फोटोत एका तंबूपुढे दाढीवाला बाप, त्याचे चार मुलगे. मागे शाईने कोचकोरचं नाव आणि युद्धाच्या कितीतरी आधीचं साल. कडेच्या मुलाची भुवई अर्ध्यावर तुटलेली. सॉफ्टवेअरने लगेच विचारलं, हा कासिमाली का?

“बघ!” जाझगुल ओरडली. “तिथलेच होते ते! बाप, भाऊ, सगळे तिथलेच! कोणी कुठून पळून आलेलं नाही!”

असीलकानने सुटकेचा श्वास अर्धाच सोडला, कारण उरलेल्या अर्ध्यात दुसरा संशय येऊन बसला, पहिल्यापेक्षा वाईट. तो जर जन्माने कोचकोरचा कासिमाली, तर आत्याच्या भिंतीवर कोण आहे? एखाद्या बाईने परक्या पुरुषाची तसबीर बाप म्हणून मुलांपुढे का टांगावी? तिच्या जिभेवर आलेला शब्द तिने गिळला. मेलेल्या, न पाहिलेल्या आजेसासूबद्दल असलं काही मनात आणणं म्हणजे आपलाच विस्तव आपल्या पदरात बांधून घेणं. पण आलं ते आलं.

“पुढचा ठेव,” ती म्हणाली.

पुढच्यात कासिमाली एका घोड्याचा लगाम धरून उभा होता. उघडं डोकं, वाऱ्याने कपाळावर आलेली एक बट, सूर्यामुळे बारीक केलेला डावा डोळा. जाझगुलने तो पडद्यावर मोठा केला. मग स्वतःशीच काही पुटपुटली, आत्याची तसबीर उघडली, पुसट केली आणि या फोटोवर सरकवत नेली.

बटेवर बट बसली. डोळ्यावर डोळा बसला. गालावरची सावलीसुद्धा काठाला काठ लावून बसली.

“आई, हा एक माणूस नाही,” जाझगुल म्हणाली. “हा एकच फोटो आहे. एकाच क्षणाचा. फोटोवाल्याने यातलं नुसतं डोकं घेतलं आणि खाली रंगाने लष्करी अंगरखा काढला.”

असीलकानने गळ्याच्या कडेला पाहिलं. खरंच, अंगरख्याची कॉलर मानेला टेकतच नव्हती. मध्ये केसाएवढी फट होती. इतकी वर्षं ती फट तिथेच होती आणि कोणी पाहिली नव्हती.

पिशवीच्या तळाशी पुठ्ठ्यावर चिकटवलेली एक मोठी तसबीर होती. कोवळा, लाजरा तरुण, गालांना गुलाबी रंग फासलेला, काळा कोट, आणि गळ्यात निळा टाय. तो टाय अशा माणसाच्या गळ्यात होता ज्याने उभ्या जन्मात टाय पाहिला नसावा. ती स्कॅन झाली. सॉफ्टवेअरने जरासा विचार केला आणि प्रश्न टाकला: हा सुयुनबेक का? शेजारी सुयुनबेकचा सैन्यातल्या दिवसांतला फोटो होता. तेच पुढे आलेले कान, आणि हनुवटीत तीच खळी.

मग असीलकानने फोन उचलला.

“विहीणबाई, आधी मला शिव्या घाला. मग एक सांगा.”

“शिव्या रविवारी तोंडावर घालेन. विचारा.”

“हा टायवाला कोण?”

“तो होय! कोणास ठाऊक. माझ्या सासूबाई सांगायच्या, गाढववाल्या फोटोवाल्याकडे त्यांच्या सासूने नवऱ्याची तसबीर करायला दिली. कोट-टाय काढ म्हणाली. तर आला हा! लहान फोटो तेवढा आपला परत मिळाला. थोरले आजोबा असे भडकले, म्हणाले, माझ्या भिंतीवर परका पोरगा नको. पण आजी म्हणाली, कोणाचा तरी लेक आहे, माणसाचा चेहरा चुलीत कसा घालायचा? म्हणून पेटीत ठेवला.”

“आजींनी फोटोवाल्याला नाव काय सांगितलं होतं?”

“नाव? नवऱ्याचं नाव कशी घेईल ती? आमच्याकडे सगळ्या म्हणायच्या तेच म्हणाली असेल. घोड्यांचा माणूस.”

असीलकानने विहीणबाईंना सगळा गोंधळ उलगडून सांगितला. घाटाच्या अल्याड एक बाई, घाटाच्या पल्याड एक बाई. दोघींनीही जीभ सांभाळली, आणि दोघींच्या पाकिटांवर त्या बिचाऱ्याने एकच नाव लिहिलं. कपडे हुकमाप्रमाणे काढले, फक्त चेहरे अदलाबदल झाले. आणि ती कठीण बाई! पोरं ‘बाबा आले’ म्हणून नाचतायत, घाट बर्फाने बंद, फोटोवाला पुन्हा यायचा नाही. काय करेल? परक्या माणसाकडे पाठ करून बसली. आयुष्यभर बसली. आपण मघाशी तिच्याबद्दल काय काय चिंतलं, हे आठवून असीलकानने दोन्ही कान धरले.

संध्याकाळी सुयुनबेकने सगळं ऐकलं, टायवाल्याकडे खूप वेळ पाहिलं, स्वतःची हनुवटी चाचपली आणि मग म्हणाला, “आत्याला नको सांगू. रविवारी तसबीर उतरवून ठेवू. चौकट दुरुस्तीला दिली म्हणू.”

“एकदा खोटी टांगली ती पोरांसाठी. आता खोटी उतरवू ती कोणासाठी?”

सुयुनबेकने टायवाली तसबीर कापडात गुंडाळून तिच्या हातात दिली.

रविवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, असीलकानने घरच्यांबरोबर आत-बाशीला जाऊन आत्याला सगळं सांगितलं. आत्या कणीक लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

“ह्या वयात मला नवा बाप दाखवता?”

“आत्या, मशीन म्हणतंय, आणि...”

“मशीनने माझ्यासारखे गुरुवार केलेत का?” ती कडाडली. “आणि कोण म्हणतंय? जिचा परवा आमीन चुकला ती! मला वाटलंच होतं, हिच्या डोळ्यात काहीतरी आहे.” तिने टायवाली तसबीर कापडातून काढलीच नाही. कापडासकट उचलून गाद्यांच्या ढिगावर ठेवली. “आधी पोरीचे डूल. कोणी मध्ये बोलायचं नाही.”

दामिरा आली, मागे एर्निस आणि चार नातेवाईक. उंबरा ओलांडताच तिची नजर भिंतीवर गेली आणि ती थांबली. दामिराने छातीवर हात ठेवला, मान झुकवली.

“सलाम, थोरले,” ती भिंतीला म्हणाली. “तुम्ही इथे होय! लष्कराचा अंगरखा अजून उतरवला नाहीत?”

कोणाला तरी हसू फुटलं. आत्या हसली नाही, पण तिच्या खांद्यांचा ताठा थोडा उतरला. जाझगुल पुढे बसली. दामिराने तिच्या कानांत चांदीचे डूल घातले. दुसरा घालताना जाझगुलनेच हाताने तो धरून दिला. आत्याने तळहात उघडून आशीर्वाद दिला, लांबलचक, गळ्यावर. त्यात मुलंबाळं आली, कळप आले, भांडणं लवकर मिटोत हेही आलं. या वेळी असीलकानचा आमीन सगळ्यांच्या आधी पडला.

“म्हणजे आता,” सुयुनबेक म्हणाला, “आमच्या आत्याने इतकी वर्षं तुमच्या आजोबांना बाप म्हटलं. मग आपण भाऊबंद झालो की, विहीणबाई? लग्न मोडलं!”

“हळू बोला,” दामिरा म्हणाली, “मांस शिजलंय.”

हशा पिकला. त्या हशात आत्याने दामिराला जवळ बोलावलं.

“कसा होता गं हा? भिंतीवरचा?”

“मी नवी सून होते तेव्हा फार थकले होते. तापट. पण रोज सकाळी शेजारच्या आंधळ्या म्हातारीला दूध नेऊन द्यायचे. कोणी बघतंय का ते आधी बघायचे, मग जायचे.”

आत्याने मान डोलावली. “मग माझे गुरुवार फुकट नाही गेले. त्यालाही लागलेच असतील. आणि माझ्या बापाला, नाव घेऊन म्हणत होते, त्याचे त्याला पोचले असतील. खुदाला काय चेहरा लागतो?” ती उठली. “याला उतरवायचं नाही. या वयात कुठे जाईल? जरा बाजूला सरकवा.”

मग गाद्यांवरची तसबीर तिने स्वतः उचलली, खिडकीपाशी जाऊन बसली आणि कापड काढलं.

आत्याने तसबीर नाकाजवळ आणली, दूर धरली, पुन्हा जवळ आणली. गुलाबी गालांवरून अंगठा फिरवला, पुढे आलेल्या कानांवरून, हनुवटीच्या खळीवरून.

“टाय घातलाय,” ती म्हणाली. “हे तर पोर आहे गं. माझ्या नातवापेक्षा लहान.”

मांसाचं ताट आलं. आत्यापुढे मानाचा तुकडा ठेवला, तो तसाच गार होत राहिला. थोड्या वेळाने जाझगुल हळूच तिच्यापाशी जाऊन बसली. नवे डूल कानांत हलत होते.

“आजी, दोन मिनिटं देतेस? उजेड चांगला आहे, मोठा स्कॅन काढते. फलकावर लावू.”

उमसुनायने तसबीर छातीशी ओढून धरली.

“थांब गं,” ती म्हणाली. “माझं अजून बघून झालेलं नाही.”